दोन राजपुत्रांची गोष्ट पेण-रोह्यात लिहायची तर

बेडूक राजपुत्राची गोष्ट आपल्यापर्यंत अर्धीच पोचली आहे. सोन्याचा चेंडू, विहीर, राजकन्येने बेडकाला दिलेला शब्द, मग मुका आणि समोर राजपुत्र. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ही गोष्ट छापली तेव्हा तिच्यात मुका नव्हताच. राजकन्या वैतागून बेडकाला भिंतीवर आपटते आणि त्या आपटण्याने शाप सुटतो. गोष्ट तिथे थांबतही नाही. राजपुत्राला न्यायला रथ येतो आणि रथामागे त्याचा सेवक हाइनरिश उभा असतो. धन्याचा बेडूक झाला तेव्हा दुःखाने छाती फुटू नये म्हणून या माणसाने काळजाभोवती तीन लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. वाटेत काडकन आवाज होतो. राजपुत्राला वाटतं, रथ मोडला. मोडलेला नसतो, सुखाने भरून आलेल्या काळजावरची पट्टी तुटलेली असते. असं तीनदा होतं. ग्रिमच्या संग्रहातली ही पहिलीच गोष्ट, आणि तिच्या मूळ शीर्षकात बेडकाबरोबर लोखंडी हाइनरिशचंही नाव आहे.

मुलांच्या पुस्तकांतून हाइनरिश कधीच गळला. समलिंगी प्रेमाची परीकथा नव्याने लिहू पाहणाऱ्याने आधी असा गळलेला माणूस शोधावा. सिंड्रेलाच्या जागी एखादा तरुण बसवला, सर्वनामं बदलली आणि बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवलं की जे तयार होतं ते फार तर गंमत म्हणून वाचलं जातं. जुन्या गोष्टीत दोन पुरुषांमधली किंवा दोन बायकांमधली ओढ कुठे दबून राहिली आहे, वेषांतर कुठे आहे, कोणाची वाचा गेली आहे, कोणतं दार उघडायला मनाई आहे, तिथून गोष्ट धरली तर ती आपणहून वळते.

जगात हे काम बरंच झालं आहे, म्हणून सुरुवातीला थोडं वाचून घ्या. एमा डोनोह्यू या आयरिश लेखिकेने १९९७ साली तेरा परीकथा एकीतून दुसरी निघेल अशा गुंफल्या, आणि तिची सिंड्रेला राजपुत्राकडे न जाता परीमातेकडे वळते. मालिंडा लोची ‘अ‍ॅश’ २००९ची, तिच्यातली सिंड्रेला राजाच्या शिकारिणीवर जीव लावते. नेदरलँड्समध्ये २००० साली ‘राजा आणि राजा’ हे मुलांचं चित्रपुस्तक निघालं. राणी मुलासाठी राजकन्यांची रांग लावते आणि राजपुत्राचं मन एका राजकन्येच्या भावावर बसतं, एवढीच गोष्ट. पण मला यांतलं सगळ्यांत उपयोगी वाटतं ते ट्रंग ले न्यूएनचं ‘द मॅजिक फिश’ (२०२०). अमेरिकेत वाढलेला व्हिएतनामी मुलगा आणि त्याची आई यांना एकमेकांची भाषा पुरत नाही. ती दोघं परीकथा वाचून दाखवत बोलतात, आणि मुलाला आईला जे सांगायचं आहे ते शेवटी गोष्टीच्या आडूनच पोचतं. गोष्ट बदलून सांगणं म्हणजेच आईने दिलेलं उत्तर, ही त्यातली युक्ती शिकण्यासारखी आहे.

आपल्याजवळचं, म्हणजे भारतीय लोककथेतलं, सर्वांत पक्कं उदाहरण विजयदान देथांचं. राजस्थानी लोककथेवरून त्यांनी लिहिलेली बीजा आणि तीजाची कथा हिंदीत ‘दोहरी जिंदगी’ म्हणून ओळखली जाते. दोन सावकार मित्र पोटातल्या पोरांचं लग्न ठरवतात. दोघांनाही मुली होतात. एकजण हुंड्याच्या लोभाने आपली मुलगी मुलगा म्हणून वाढवतो आणि लग्न लावून मोकळा होतो. रात्री खरं कळल्यावर त्या दोघी एकमेकींना सोडत नाहीत. गाव त्यांना टिकू देत नाही, तेव्हा आसरा देतात ती भुतं. भुतांचा सरदार एकीला पुरुष करून देतो, म्हणजे सगळा प्रश्न सुटायला हवा. पण पुरुष होताच तिच्या तोंडून हुकूम सुटू लागतात, प्रेमाची चव जाते आणि ती पुन्हा बाई होणंच पसंत करते. जादूने जोडप्याला ‘नेहमीसारखं’ करून टाकणं हा शेवट कसा पोकळ असतो, हे एवढ्या थोडक्यात कोणत्याही लेखन-शिबिरात शिकवता येणार नाही. ही कथा वाचल्याशिवाय लेखणी उचलू नका.

शेवट गोड करायचा, तो का

मराठीत समलिंगी प्रेमावर लिहिलं गेलंच नाही असं नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं, आणि त्यातली मित्रा आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये बहीण-भाऊ एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही मागे टाकून निघून जातो. दोन्ही कृती मोठ्या आहेत, त्यांच्या शेवटांबद्दल तक्रार नाही. पण मराठी वाचकाच्या मनात या प्रेमाचा शेवट एक तर मरणात किंवा निघून जाण्यात होतो असा ठसा उमटला आहे, आणि परीकथा नेमकी या ठशाविरुद्ध उभी राहू शकते. आपल्या व्रताच्या कहाण्यांनी कान तयार केलेला आहे. कहाणी सुफळ व्हायलाच हवी, नाही तर ऐकणाऱ्याला ती संपली असं वाटत नाही.

इथे एक आठवण. इ. एम. फॉर्स्टरने ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१४ सालीच लिहून पूर्ण केली, दोन पुरुषांचं सुख शेवटी टिकवायचंच असा हट्ट धरला, आणि त्यामुळे ती जन्मभर कपाटात ठेवली. ती छापली गेली १९७१ साली, तो गेल्यानंतर. कथा दुःखात संपवली असती तर ती कदाचित हयातीत खपली असती. आज तुमच्यावर ती अडचण नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधला समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढला. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मात्र लग्नाचा हक्क मिळाला नाही. म्हणजे तुमच्या राजपुत्रांवर खटला होणार नाही, पण वरातही निघणार नाही, आणि शेवट या दोहोंच्या मधल्या जागेत बसवायचा आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला, तो जरूर पाहा. ती परीकथा नाही. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र, एवढाच ऐवज आहे. पण सुतकात काय घालायचं, काय खायचं, कुठे जायचं नाही, हे नियम तिथे परीकथेतल्या अटींचं काम करतात. अट जितकी ठळक, तितकी चोरून झालेली भेट मोलाची. मंत्र-तंत्र न वापरता जादूची चौकट कशी उभी करायची, याचा हा धडा आहे.

सिंड्रेला, पेणची

आता प्रत्यक्ष रायगड जिल्ह्यातल्या पेणला येऊ. इथे राजवाडा शोधू नका, कारखाना शोधा. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. साचे, शाडू किंवा प्लास्टर, घासकाम, रंग, मग फेटे-धोतर-हिऱ्यांचं काम, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणाऱ्याचा मान वेगळा. बारीक कुंचल्याने भुवई, पापणी, बुबुळ ओढलं की तोवर माती असलेल्या मूर्तीला नजर येते. जाणत्याला कोणत्या हाताची आखणी आहे ते लांबून कळतं.

सिंड्रेलाची हरवलेली चप्पल म्हणजे ही आखणीच करा. काचेची चप्पल फ्रेंच कथाकार पेरोची, १६९७ सालची, ग्रिममध्ये ती सोन्याची आहे. दोन्हीकडे गोष्ट एका पायाच्या मापावर अडते, आणि माप बसवण्यासाठी सावत्र बहिणी ग्रिममध्ये टाच नि अंगठा कापून घेतात. पेणमध्ये शोधणारा माप घेऊन फिरणार नाही, तो डोळे शोधत फिरेल. परगावच्या व्यापाऱ्याचा मुलगा समजा. एका रात्री भेटलेल्या माणसाचं नाव त्याला माहीत नाही, पण त्याने बोलता बोलता खोक्याच्या पुठ्ठ्यावर ओढलेले दोन डोळे त्याच्याजवळ राहिले आहेत. तो कारखान्यामागून कारखाना मूर्तींच्या चेहऱ्याकडे बघत जातो. कथेला आपोआप श्रावणाची घाई येते, कारण गणेशोत्सव जवळ येतो तसे टेम्पो भरून चेहरे गावाबाहेर जात असतात आणि पुरावा रोज कमी होत असतो.

नाचाची रात्र? तिला राजदरबार लागत नाही. आगरी-कोळी लग्नातली हळद घ्या. बेंजो, मांडव, तिन्ही पिढ्या एकाच वेळी नाचणार, आणि त्या गर्दीत पुरुष पुरुषाच्या गळ्यात हात टाकून नाचला तर कोणी मान वळवून बघत नाही. मुभा आहे, नाव नाही. अशी मुभा ही परीकथेची खरी जमीन. बाराचे ठोके मात्र काढून टाका. ते पेरोचे आहेत, आणि रायगड जिल्ह्यात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहे. पोलिसांची गाडी मांडवाशी येऊन उभी राहते, आवाज एकदम तुटतो आणि उजेडात सगळे पुन्हा कोणाचे तरी मुलगे, भाऊ, भाचे होतात. यापेक्षा चांगली मध्यरात्र मला सुचत नाही.

परीमातेसाठी धवलारीण आहे. आगरी-कोळी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी ही वयस्क बाई. भटजीच्या आधी आणि भटजीशिवायही लग्न कसं लागतं ते तिला ठाऊक असतं. तिने काठी फिरवून घोडागाडी आणायची गरज नाही. तिला सगळं दिसतं आणि ती कोणाला सांगत नाही, एवढी जादू पुरते. कथेच्या शेवटी ती काय गाते हे मात्र तुम्ही स्वतः लिहा. प्रचलित धवला उचलून शब्द बदलू नका, ज्यांच्या घरचा तो आहे त्यांना ते टोचेल.

सावत्र आई ठेवायची का? माझं मत, नको. आपल्याकडे मुलाला अडवणारी बाई दुष्ट असतेच असं नाही. ती काळजीने स्थळं बघत असते. खलनायक व्यक्ती नसून एक फोन असू शकतो: ‘मुलगी नर्सिंग केलेली आहे, माणसं चांगली आहेत, रविवारी येऊन जातील.’ वाचकाला या वाक्याची भीती चेटकिणीपेक्षा जास्त वाटेल.

हाइनरिश, दिवा-रोहा गाडीत

मला स्वतःला सिंड्रेलापेक्षा हाइनरिशची गोष्ट लिहावीशी वाटते, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो.

रोहा निवडायचं कारण गाडी. दिव्याहून सुटणारी गाडी पनवेल, आपटा, जिते, हमरापूर करत पेणला येते. पुढे कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. तिथे मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. रथाच्या जागी ही गाडी, आणि तीन पट्ट्यांसाठी पेणनंतरची कोणतीही तीन स्थानकं. गाडी सुटताना डब्यांच्या जोडावर जो हिसका बसतो, तोच काडकन आवाज. खिडकीशी बसलेला विचारतो, ‘काय रे तुटलं?’ समोरचा म्हणतो, ‘काही नाही, गाडी सुटली.’ मूळ गोष्टीत हाइनरिश खरं सांगून टाकतो. तुमच्या कथेत त्याने पहिल्या दोन वेळा खोटं बोलावं आणि तिसऱ्यांदा, निडीच्या पुढे, खरं सांगावं.

हाइनरिश रोह्याचाच. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या रासायनिक कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा, रोह्याशेजारच्या अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत राहणारा. मित्र मुंबईला गेला आणि तिथे दुसराच कोणी झाला, ते त्याचं बेडूकपण. पट्ट्या कशाकशाच्या, हे आधी कागदावर लिहून ठेवा. एक बहिणीच्या लग्नात मित्राने ओळख दिली नाही तेव्हाची, दुसरी वडिलांच्या दुखण्यातली, तिसरी साखरपुड्याची पत्रिका हातात पडली तेव्हाची. पट्टी कधी बसली हे वाचकाला आधी दाखवलंत तरच ती तुटल्याचा आवाज येतो. नवे लेखक इथे हमखास घाई करतात आणि एकदम गाडीत चढतात.

आता राजकन्या. या कथांमध्ये सर्वांत जास्त अन्याय तिच्यावर होतो. दोन पुरुषांच्या प्रेमात ती मध्ये आलेली अडचण म्हणून उभी केली जाते, मग रडून बाजूला होते. आपल्या भोवतीचं वास्तव बघा. घरच्यांच्या आग्रहापोटी खरं लपवून केलेल्या लग्नात तिचंही आयुष्य करपतं. तेव्हा लग्न लागू देऊ नका, साखरपुड्यावर थांबा. आणि भिंतीवर आपटायचं काम ग्रिमने तिलाच दिलेलं आहे, ते तिच्याकडून काढून घेऊ नका. तिला संशय येतो, ती सरळ विचारते, त्याची टाळाटाळ ऐकून चिडते आणि भर बैठकीत हे लग्न होणार नाही असं सांगते. शाप तिच्या नकाराने सुटतो. मुका घेणाऱ्या राजकन्येपेक्षा ही मुलगी मला पुष्कळ जवळची वाटते, आणि शहाण्या संपादकालाही वाटेल.

धावीर महाराजांची पालखी वापरण्याचा मोह होईल. रोह्याचं ग्रामदैवत, दसऱ्याच्या सुमाराचा पालखी सोहळा, देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना, सगळं दृश्य म्हणून भारी आहे. वापरा, पण देवाकडून कथेचा निकाल लावून घेऊ नका. पालखी येते म्हणून सगळं गाव रस्त्यावर असतं आणि वर्षानुवर्षं टाळलेली दोन माणसं एकाच दारात समोरासमोर येतात, इतकंच काम तिच्याकडे द्या. श्रद्धेचा विषय कथेच्या सोयीसाठी वाकवला की वाचक प्रेम विसरून त्याच वादात शिरतो.

‘नांदू लागले’ हे कसं दाखवायचं

लग्न नाही, मग सुफळ काय? परदेशी कथांतला चर्चमधला मुका इथे आणू नका, आणि दोघांना विमानात बसवून कॅनडालाही धाडू नका. तो शेवट म्हणजे पेण-रोह्यात हे शक्य नाही अशी कबुलीच. त्यापेक्षा सरकारी कागदांकडे बघा, तिथे परीकथेला शोभेल असं काही अलीकडेच घडलं आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून नेमायला कोणतीही आडकाठी नाही. त्याच वर्षी शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावं, असं केंद्राने राज्यांना कळवलं. तलाठी, रेशन दुकानदार, बँकेतला कारकून ही आपल्या परीकथेतली पहारेकरी मंडळी आहेत, आणि प्रत्येकाच्या दारात एकेक कोडं घालता येतं. कारकून तीनदा परत पाठवतो, चौथ्यांदा परिपत्रकाची प्रत समोर ठेवल्यावर शिक्का मारतो. तीनदा-चौथ्यांदा ही परीकथेचीच मोजणी आहे, वाचकाचा कान ती ओळखतो. फक्त कारकुनाचं हृदयपरिवर्तन दाखवू नका. त्याने चष्मा पुसून पुढचा नंबर पुकारावा.

बाकीच्या गोष्टी झटपट. पेरो, ग्रिम आणि १८७५ साली वारलेला अँडरसन यांच्या कथा सर्वांना खुल्या आहेत. चित्रपट कंपन्यांनी त्यांत घातलेली भर खुली नाही, म्हणजे बुटक्यांची ती ठरावीक नावं किंवा जलपरीचं ‘एरिअल’ हे नाव घेऊ नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि देथा २०१३ साली गेले, तेव्हा लोककथा तुमची, त्यांची मांडणी त्यांची. नायक सज्ञान ठेवा आणि त्यांचं वय कथेत कुठेतरी स्पष्ट येऊ द्या. झोपलेल्याचं चुंबन घेऊन त्याला जागं करण्याचा प्रकार आज चालत नाही, जागं झाल्यावर विचारू द्या.

पेण आणि रोहा ही सगळे सगळ्यांना ओळखतात अशी गावं आहेत. ‘वळणावरचा निळ्या दाराचा कारखाना’ एवढ्या खुणेवरून वाचक खऱ्या माणसाचं नाव घेऊ लागतात, आणि त्या माणसाने आपल्याबद्दल घरी काही सांगितलेलं नसेल तर तुमच्या हौसेची किंमत तो मोजतो. दार, वळण, व्यवसाय, भावंडांची संख्या सगळं बदला. गाव काल्पनिक केलंत तरी बिघडत नाही, ‘आटपाट नगर’ त्यासाठीच तर आहे. सुरुवात अशी करता येईल: आटपाट नगर होतं, खाडीच्या बांधाला लागून. नगरात कारखाने पुष्कळ आणि आखणी करणारे हात मोजके. त्यातला एक हात डावरा होता.

संवाद आगरीत लिहिणार असाल तर घरी बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. चित्रपटांतून आणि विनोदी चित्रफितींतून कानावर पडलेली आगरी बहुतेक वेळा हसवण्यासाठी फुगवलेली असते, आणि प्रेमाचा प्रसंग त्या सुरात लिहिला की पात्रं विदूषक होतात. खर्डा दोघांना दाखवा: एक त्या भागातला, एक समलिंगी. दोन्ही एकाच माणसात मिळाले तर नशीब. दिवाळी अंकासाठी पाठवायची असेल तर पावसाळा सुरू व्हायच्या आत हाती पक्का मजकूर हवा. संपादकाला सोबत दोन ओळींत सांगा की कोणत्या कथेचं हे नवं रूप आहे, आणि शब्दसंख्या लिहा. टोपणनावाने छापायची असेल तर तेही त्याच पत्रात कळवा, कारण अंकाच्या अनुक्रमणिकेत खरं नाव गेल्यावर ते परत घेता येत नाही.